डायब्लो २: केनला आधी सोडवा, वस्तू फुकट ओळखून घ्या

डायब्लो २ या संगणक खेळाच्या पहिल्या अंकात सोनं कमी असतं आणि मिळालेली प्रत्येक जादुई वस्तू ओळखायला, म्हणजे तिचे गुण कळायला, स्क्रोल (जादूची गुंडाळी) विकत घ्यावा लागतो. कैदेतल्या म्हाताऱ्या डेकार्ड केनला सोडवलं की तो वस्तू फुकट ओळखून देतो आणि हा खर्च संपतो.

१. स्टोनी फील्डमध्ये पाच उभे दगड दिसले की जागा लक्षात ठेवा. तिथला वेपॉइंट (एका जागेहून दुसरीकडे झटकन जायचा थांबा) चालू करून घ्या.
२. अंडरग्राउंड पॅसेजमधून डार्क वूडला जा, इनिफसच्या झाडातून स्क्रोल घ्या.
३. छावणीतल्या अकाराकडून तो वाचून घ्या आणि त्यात दिलेल्या क्रमानेच दगडांना हात लावा. ट्रिस्ट्रम गावाचं लाल दार उघडेल.

पहिला भाग खेळलेल्यांना ते जळकं गाव बघवत नाही. लोहार ग्रिसवोल्डच आता अंगावर धावून येतो. मधल्या पिंजऱ्यातला केन सुटला की छावणीत जाऊन त्याच्याशी बोला. गावातल्या विर्ट या मुलाच्या प्रेताजवळ सोनं मिळतं, ते सोडू नका. त्याचा लाकडी पायही जपून ठेवा, गाईंच्या गुप्त पातळीसाठी तोच लागतो.

दगडांपाशी राकानिशू नावाचा राक्षस असतो. त्याला फटका बसला की विजेच्या ठिणग्या उडतात, म्हणून दुरूनच मारा. आणि केनला न सोडवता पुढे गेलात, तर नंतर भेटल्यावर तो वस्तू ओळखण्याचे पैसे घेतो.