कोकणात फिरताना आधी तिथी बघा

गुहागरला मुक्काम ठोकून रोज एक फेरी काढायची असेल, तर नकाशा उघडण्याआधी कालनिर्णय उघडा. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब अगदी सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा भरती, आणि मधे साधारण सहा तासांनी ओहोटी.

हे कळलं की बेत आपोआप जुळतो. हेदवीची बामणघळ ओहोटीला नुसती खडकातली चीर दिसते. तीच पौर्णिमेला दुपारी बारा-साडेबाराला बघा, पाणी घळीत घुसून उंच उसळतं! पण खडक निसरडे असतात, लाटेच्या टप्प्यात उभं राहू नका, मुलांचा हात सोडू नका. हेदवीच्याच दशभुज गणेशाचं दर्शन त्याच्या आधी घ्या, संध्याकाळी वेळणेश्वर. अलिबागला मात्र उलट गणित: कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं तर ओहोटी हवी. अष्टमीला ती दुपारी बाराच्या सुमारास येते खरी, पण त्या दिवशी पाणी कमीच ओसरतं. पाणी चढायच्या आत परत फिरा.

दापोलीकडे जाताना धोपावे-दाभोळ फेरीबोटीत गाडी चढवा, चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच धक्क्यावर विचारून ठेवा.

डोंगराकडचा दिवस, परशुराम किंवा कुंभार्ली घाट, भरती-ओहोटी अडचणीच्या वेळी येते त्या दिवशी ठेवा. पावसाळ्यात धुकं दाटतं, तेव्हा घाट उजेडीच उतरा.