पोकलेनचा डीपीएफ: खोट सापडली नळीत

आमच्या पोकलेनवर डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा सारखा लागायला लागला. दर तासाभराने रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळून टाकणं), डिझेलचा खप वाढलेला. एक मेकॅनिक म्हणाला, "फिल्टर काढून सरळ पाइप बसवू." मी साफ नकार दिला. तो धूर माझ्याच ऑपरेटरच्या छातीत जाणार होता.

रिजनरेशनमध्ये फिल्टरात साठलेली काजळी साधारण ६०० अंशांच्या आसपास जळते. मग फिल्टर लगेच भरतो कसा, हे काही पटेना. शेवटी फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन्ही रबरी नळ्या सोडवल्या. नंतरच्या बाजूची नळी ओल्या, काळ्या गाळाने गच्च बसली होती! म्हणजे फिल्टर मोकळा असूनही सेन्सरला तुंबलेला दिसत होता. नळ्या बदलल्या, धातूची नळी हवेने फुंकली. सेन्सर मात्र आधी काढून ठेवा, हवेच्या दाबाने तो जातो.

ऑइलही लो-ॲश (कमी राख करणारं) घातलं, कारण काजळी जळते, राख नाही. ती फिल्टर उतरवूनच काढावी लागते. जेवणाच्या सुट्टीत इंजिन चालू ठेवणंही बंद केलं. दिवा परत लागलेला नाही.