तर्कशास्त्राचा पेपर: ‘तरच’ आधी नीट समजून घ्या

आकारिक तर्कशास्त्राच्या पहिल्या पेपरात चिन्हं अवघड नसतात. अवघड असतं ते मराठी वाक्य चिन्हांत उतरवणं. इथे चूक झाली की पुढचं कोष्टक कितीही नेटकं काढलं तरी उत्तर चुकतं. म्हणून हाती तीन आठवडे असतील तर पहिला आख्खा आठवडा चिन्हांकनालाच द्या. रोज दहा वाक्यं, वहीत, पेनानं.

सर्वांत जास्त फसवतो ‘तरच’. ‘तिकीट काढलं तरच नेहा मेट्रोनं सीताबर्डीला जाईल.’ बरेच जण त ⊃ म लिहितात (त म्हणजे तिकीट काढणं, म म्हणजे मेट्रोनं जाणं, ⊃ म्हणजे ‘जर-तर’). पण तिकीट काढून नेहा स्टेशनवरूनच परतली, तरी हे वाक्य खोटं पडत नाही. तिकीट न काढता ती गेली, तरच ते खोटं. म्हणजे म ⊃ त. अडलात की हाच प्रश्न विचारा: हे वाक्य खोटं कधी पडेल? ‘काढल्याशिवाय जाणार नाही’ हेही तेच: ~त ⊃ ~म (~ म्हणजे ‘नाही’), म्हणजेच म ⊃ त. ‘पण’, ‘तरी’, ‘शिवाय आणखी’ यांना साधं ‘आणि’ समजा.

दुसरा खड्डा नकाराचा. ‘नागपूर आणि वर्धा, दोन्हीकडे पाऊस पडला असं नाही’ म्हणजे ~(न · व); इथे · म्हणजे ‘आणि’. ‘नागपुरातही नाही, वर्ध्यातही नाही’ म्हणजे ~न · ~व. कंस विसरलात तर अर्थच बदलतो.

सत्यता-कोष्टकाला (विधान कधी सत्य, कधी असत्य हे दाखवणाऱ्या तक्त्याला) दोन-तीन दिवस पुरतात. तीन चलं (विधानांची अक्षरं) असली तर 8 ओळी, चार असली तर 16. तीन चलांच्या कोष्टकात पहिल्या स्तंभात चार स (सत्य), चार अ (असत्य), दुसऱ्यात दोन-दोन, तिसऱ्यात एकआड एक. क्रम कधीच बदलू नका, म्हणजे एखादी ओळ सुटणार नाही. ⊃ फक्त एकाच वेळी असत्य असतं: पूर्वांग (⊃ च्या आधीचा भाग) सत्य, उत्तरांग (नंतरचा भाग) असत्य. संक्षिप्त पद्धतीत (विधान असत्य धरून विसंगती येते का ते पाहण्यात) मात्र सावध राहा. मुख्य कारक (विधानाचे भाग जोडणारं मुख्य चिन्ह) ‘·’ असेल, तर विधान असत्य होण्याचे तीन मार्ग असतात. एका मार्गात विसंगती आली म्हणून विधान सर्वतः सत्य (प्रत्येक ओळीत सत्य) ठरत नाही. तिन्ही तपासावे लागतात.

उरलेले दिवस निगामी सिद्धतेला, म्हणजे नियम लावत पायरीपायरीनं निष्कर्षापर्यंत जाण्याला. एक नमुना हातानं सोडवा. आधारविधानं: (1) क ⊃ (ख · ग), (2) ~ख. निष्कर्ष: ~क. इथे घाई करून 1 आणि 2 वर थेट एम.टी. (मोडस टोलेन्स: प ⊃ फ, ~फ, म्हणून ~प) लावतात. ते चूक आहे, कारण एम.टी.ला पूर्ण उत्तरांगाचा निषेध हवा.

3. ~ख ∨ ~ग (2, ॲड. म्हणजे ॲडिशन: असलेल्या विधानाला ∨, म्हणजे ‘किंवा’, लावून दुसरं जोडणं)
4. ~(ख · ग) (3, डी मॉर्गन: ~प ∨ ~फ आणि ~(प · फ) एकच)
5. ~क (1, 4, एम.टी.)

ॲड.चा नियम कुणाला वेळेवर आठवत नाही, कारण नसलेलं अक्षर स्वतःहून आणायची भीती वाटते. निष्कर्षाकडून उलटं चालत या: ~क हवं, तर ~(ख · ग) हवं, ते कुठून मिळेल? अशानं तो आपोआप सुचतो.

अनुमानाचे 9 नियम पूर्ण ओळीलाच लागतात, स्थानांतराचे (विधानाच्या जागी त्याच अर्थाचं दुसरं रूप ठेवण्याचे) 10 नियम ओळीच्या तुकड्यालाही चालतात. त्यामुळे (क · ख) ⊃ ग मधून सिम्प.नं (सिम्प्लिफिकेशन: प · फ, म्हणून प) क काढता येत नाही. आणि क ⊃ ख, ख, म्हणून क ही तर उघड चूक. ती पुन्हा पुन्हा होते, म्हणून रोज एकदा तपासा. प्रत्येक पायरीपुढे ओळींचे क्रमांक आणि नियम लिहा. शेवटी 10 मिनिटं हातची ठेवून फक्त कंस आणि क्रमांक पाहा.