सबटायटल्स संवादांशी जुळत नसतील तर: दोन मोजमापं आणि एक छोटा प्रोग्रॅम

पात्र बोलून मोकळं होतं आणि शब्द दोन सेकंदांनी पडद्यावर उमटतात. किंवा त्याहून वाईट, विनोद ऐकू येण्याआधीच तो वाचून होतो. अशा वेळी बहुतेक जण दुसरी फाईल शोधायला लागतात. सहसा त्याची गरज नसते. सबटायटल्सची एसआरटी फाईल म्हणजे साधा मजकूर असतो आणि प्रोग्रॅमिंगची थोडीफार सवय असलेल्या कुणालाही ती तासाभरात कायमची दुरुस्त करता येते. फक्त चूक कोणत्या जातीची आहे हे आधी मोजून घ्या. न मोजता अंदाजाने सरकवत बसलात तर पहिला प्रसंग जुळतो आणि शेवटचा बिघडतो.

आधी निदान

चित्रपटात तीन जागा निवडा: पहिल्या पाच मिनिटांतली एक, मधली एक आणि शेवटच्या दहा मिनिटांतली एक. प्रत्येक जागी शांततेनंतर अचानक सुरू होणारा, छोटा संवाद शोधा. नावाने मारलेली हाक किंवा फोन उचलून म्हटलेलं 'हॅलो' उत्तम. गर्दीतला, गाण्यातला किंवा दोघं एकदम बोलतात असा संवाद घेऊ नका, कारण त्याची सुरुवात नेमकी कुठे हे ठरवता येत नाही. मग तो आवाज कधी ऐकू आला आणि फाईलमध्ये त्या नोंदीची वेळ काय आहे, हे दोन्ही लिहून वजाबाकी करा. प्लेअरवर सेकंदापेक्षा बारीक वेळ दिसत नसेल तर चित्रपटाचा आवाज ऑडेसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. तिथे लहर जिथून उसळते ती जागा मिलिसेकंदात वाचता येते.

तिन्ही जागी फरक सारखाच असेल तर सगळी फाईल तेवढीच मागे-पुढे सरकवायची, एवढंच काम आहे. फरक हळूहळू वाढत किंवा घटत जात असेल तर वेगात तफावत आहे. एका जागेपर्यंत सगळं ठीक आणि तिथून पुढे एकदम उडी, असं असेल तर तुमच्या चित्रपटाची प्रत आणि ज्या प्रतीसाठी सबटायटल्स केली ती प्रत, या दोन्हींचं संकलन वेगळं आहे.

पहिल्या प्रकारासाठी प्रोग्रॅम लिहायचीही गरज नाही. व्हीएलसी या प्लेअरमध्ये (विंडोज आणि लिनक्सवर) 'जी' आणि 'एच' या कळांनी सबटायटल्स ५० मिलिसेकंदांच्या पावलांनी मागे-पुढे होतात. मात्र हा बदल फाईलमध्ये साठवला जात नाही.

वेगाचा फरक कुठून येतो

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सने, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चित्रित होतो. ज्या देशांत टीव्ही २५ फ्रेम्सवर चालत असे, तिथे चित्रपट दाखवताना तो सरळ २५ च्या वेगाने पळवत, म्हणजे सुमारे ४ टक्के जलद. दुसरीकडे अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीचं मानक ठरताना, रंगाच्या संकेताने आवाजाच्या संकेतात ढवळाढवळ करू नये म्हणून ३० चा वेग १००० भागिले १००१ या प्रमाणात कमी केला गेला. त्याच हिशेबाने २४ चे झाले २३.९७६. आजच्या फाईल्समध्ये हे तिन्ही आकडे भेटतात.

परिणाम किती होतो ते पाहा. २३.९७६ च्या वेगाने दोन तास चालणारा चित्रपट २५ च्या वेगाने ११५ मिनिटं ५ सेकंदांत संपतो. सबटायटल्स २३.९७६ च्या प्रतीसाठी केलेली असतील तर शेवटच्या प्रसंगापर्यंत ती जवळजवळ पाच मिनिटं मागे पडतात. याउलट २४ आणि २३.९७६ मधला फरक दोन तासांत फक्त ७.२ सेकंदांचा. हाच फसवा, कारण अर्ध्या तासाला दोन सेकंदही होत नाहीत आणि माणूस 'थोडं मागे आहे' म्हणून कळा दाबत राहतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एसआरटी फाईलमध्ये फ्रेम रेट कुठेच लिहिलेला नसतो, वेळ घड्याळाची असते. त्यामुळे व्हिडिओ २५ फ्रेम्सचा दिसला म्हणून लगेच वेळा आक्रसू नका. रूपांतर करणाऱ्याने काही फ्रेम्स दोनदा दाखवून एकूण लांबी तीच ठेवली असेल तर ताणण्या-आक्रसण्याचा प्रश्नच येत नाही. मोजमाप सांगेल तेच खरं. मायक्रोडीव्हीडी हा जुना प्रकार मात्र वेगळा. त्यात वेळेऐवजी फ्रेमचे क्रमांक असतात, म्हणून तिथे फ्रेम रेट कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दोन बिंदू, एक रेषा

नवी वेळ = अ × जुनी वेळ + ब. शाळेतलं रेषेचं समीकरण, याहून जास्त गणित लागत नाही. 'अ' म्हणजे वेगाचं गुणोत्तर, 'ब' म्हणजे सरक.

समजा पहिला संवाद फाईलमध्ये २ मिनिटं १० सेकंदांवर आहे, म्हणजे १३० सेकंद, आणि प्रत्यक्षात १३३.५ व्या सेकंदाला ऐकू येतो. शेवटचा संवाद फाईलमध्ये १ तास ५० मिनिटांवर, म्हणजे ६६०० सेकंद, आणि ऐकू येतो ६३३८.५ ला. तर अ = (६३३८.५ − १३३.५) ÷ (६६०० − १३०) = ६२०५ ÷ ६४७० = ०.९५९०४. आणि ब = १३३.५ − ०.९५९०४ × १३० = सुमारे ८.८२५ सेकंद.

आता हा 'अ' ओळखीच्या गुणोत्तरांशी ताडून पाहा. २३.९७६ वरून २५ असेल तर नेमकं गुणोत्तर ९६० ÷ १००१, म्हणजे ०.९५९०४१. २४ वरून २५ असेल तर ०.९६. २४ आणि २३.९७६ मध्ये १.००१ किंवा ०.९९९. तुमचं उत्तर यांपैकी एकाच्या अगदी जवळ आलं तर मोजलेला आकडा सोडून तो अपूर्णांक वापरा, कारण हाताने मोजताना होणारी चूक त्यात नसते. कशाच्याच जवळ नसेल, उदाहरणार्थ ०.९८१, तर मध्ये उडी आहे असं समजा आणि तिसऱ्या, मधल्या जागेचं मोजमाप रेषेवर बसतं का ते तपासा. ते तिसरं मोजमाप घ्यायचं ते याचसाठी.

दोन बिंदू जितके लांब तितकं बरं. बिंदू १० मिनिटांच्या अंतरावर घेतले आणि मोजण्यात ०.२ सेकंदांची चूक झाली, तर ११० मिनिटांवर ती अकरापट होऊन २.२ सेकंदांची होते.

प्रोग्रॅम

फाईलमधली एक नोंद अशी दिसते: आधी क्रमांक, मग वेळेची ओळ, मग एक-दोन ओळी मजकूर आणि शेवटी रिकामी ओळ. वेळेची ओळ अशी:

00:02:10,000 --> 00:02:12,400

पायथनमध्ये किंवा कुठल्याही भाषेत पन्नास ओळींच्या आत काम होतं. क्रम असा ठेवा. फाईल वाचा, रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातला ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्राने) फक्त बाण असलेल्या ओळी पकडा, दोन्ही वेळा पूर्णांक मिलिसेकंदांत बदला (तास × ३६,००,००० + मिनिटं × ६०,००० + सेकंद × १,००० + मिलिसेकंद), समीकरण लावा, एकदाच पूर्णांकात आणा आणि मग पुन्हा तास-मिनिटं-सेकंदांत तोडा. सेकंद आणि मिलिसेकंद वेगवेगळे काढून स्वतंत्रपणे पूर्णांकात आणले तर कधीतरी १००० मिलिसेकंद किंवा ६० सेकंद असा आकडा छापला जातो आणि प्लेअर ती नोंद टाकून देतो.

बिघाड होतो तो बहुतेक याच जागांवर:

मिलिसेकंद तीन आकडीच छापा. ५ मिलिसेकंद म्हणजे 005. नुसता 5 छापला तर काही प्लेअर त्याचा अर्थ अर्धा सेकंद असा घेतात.

काही फाईल्समध्ये स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम असतो. वाचताना दोन्ही स्वीकारा, लिहिताना एसआरटीसाठी स्वल्पविरामच लिहा.

वेळ शून्याच्या मागे गेली तर ती नोंद काढून टाका आणि क्रमांक नव्याने घाला.

मूळ फाईलला हात लावू नका. निकाल नेहमी नव्या नावाने लिहा आणि प्रत्येक नवा प्रयत्न मूळ फाईलवरूनच करा. दुरुस्त केलेल्या फाईलवर पुन्हा तोच प्रोग्रॅम चालवला की 'अ' दोनदा गुणला जातो, आणि मग चूक कुठून आली हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

मध्येच उडी असेल तर

एकच उडी असेल तर तिची जागा शोधायला बायनरी सर्च वापरा. मध्यावर जा. तिथे जुळतं का? जुळत असेल तर उडी उत्तरार्धात, नसेल तर पूर्वार्धात. दोन तासांच्या चित्रपटात सात तपासण्यांत तुम्ही एका मिनिटाच्या आत पोचता. मग प्रोग्रॅममध्ये एकाच 'ब'ऐवजी छोटी यादी ठेवा: अमुक वेळेपासून पुढे अमुक सरक. कोणता तुकडा लागू करायचा हे जुन्या वेळेवरून ठरवा, नव्या वेळेवरून नाही.

उड्या चार-पाच असतील तर हाताने करत बसण्यात अर्थ नाही. एफएफसबसिंक हे मुक्त साधन चित्रपटाचा आवाज १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत तोडून कुठे बोलणं आहे, कुठे नाही याची पट्टी तयार करतं, सबटायटल्सचीही तशीच पट्टी करतं आणि दोन्ही एकमेकांवर सरकवून सर्वांत चांगली जुळणी शोधतं. पण ते मुख्यतः एकच सरक आणि वेगाचा फरक काढतं. तुटक उड्यांसाठी अलास हे साधन जास्त योग्य. दोन्हींच्या निकालावर डोळे झाकून विसंबू नका. गाणी भरपूर असलेल्या चित्रपटात गायन हे बोलणं धरलं जाऊ शकतं आणि जुळणी घसरते. आधीच्या तीन जागा पुन्हा तपासा.

देवनागरीची खास काळजी

मराठी सबटायटल्स असतील तर खरं काम इथे आहे, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत ते सहसा सापडत नाही.

वेळेच्या ओळीतले आकडे इंग्रजी अंकांतच हवेत. कुणी हौसेने देवनागरी अंक घातले असतील तर प्लेअर ती ओळ ओळखत नाही. आणि पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं 'कोणताही अंक' हे चिन्ह देवनागरी अंकही पकडतं, म्हणून तुमचा प्रोग्रॅम गप्प राहतो आणि प्लेअर अडतो. शून्य ते नऊ असा संच स्पष्ट लिहा.

फाईल यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्ये साठवा. फाईलच्या आरंभी बीओएम हे अदृश्य चिन्ह असेल तर काही प्रोग्रॅम्सना पहिल्या नोंदीचा क्रमांक वाचता येत नाही आणि फक्त पहिलाच संवाद गायब होतो. पायथनमध्ये वाचताना बीओएम गाळणारं एन्कोडिंग निवडा. मजकूर उघडल्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर तो बहुधा युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये टंकलेला आहे. एन्कोडिंग बदलून तो सुधारणार नाही, त्या फाँटसाठीचा कन्व्हर्टरच लागेल.

'दऱ्या' हा शब्द नक्की तपासा. यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर हे अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह. अदृश्य चिन्हं साफ करणारा एखादा कोड हा जॉइनर उडवतो आणि डोंगरातल्या 'दऱ्या'चा समुद्र, म्हणजे 'दर्या' होतो. मजकूर स्वच्छ करताना जॉइनरला हात लावू नका.

ओळीची लांबी मोजतानाही असंच. नेटफ्लिक्सच्या नियमावलीत इंग्रजीसाठी ओळीला ४२ अक्षरं आणि जास्तीत जास्त दोन ओळी अशी मर्यादा आहे. तो आकडा मराठीला लावण्याआधी लक्षात घ्या की 'क्षि' हे डोळ्यांना एक अक्षर, पण प्रोग्रॅमला चार खुणा: क, हलंत, ष आणि वेलांटी. लांबी ग्राफीम क्लस्टरमध्ये, म्हणजे डोळ्यांना एक दिसणाऱ्या अक्षरांत, मोजा. त्यातही युनिकोड १५.१ पासून, म्हणजे २०२३ पासून, देवनागरी जोडाक्षर एकच क्लस्टर धरलं जातं, त्याआधीच्या नियमांनी 'क्षि'चे दोन होत. लायब्ररी कोणती युनिकोड आवृत्ती पाळते ते बघा.

त्याच नियमावलीतले दोन आकडे कुठल्याही भाषेत उपयोगी पडतात. नोंद कमीत कमी ५/६ सेकंद दिसावी आणि ७ सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नये. वेळा आक्रसल्यावर छोट्या नोंदी या खालच्या मर्यादेत अडकतात. पुढची नोंद लगेच नसेल तर त्यांचा शेवट थोडा पुढे ढकला, सुरुवात हलवू नका. सुरुवात आवाजाशी बांधलेली असते.

फाईल जोडताना

फाईल वेगळी ठेवायची असेल तर व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये, व्हिडिओच्याच नावाने ठेवा. एमकेव्ही फाईलच्या आत एसआरटी जशीच्या तशी बसते, एमपी४ साठी तिचं रूपांतर करावं लागतं. भाषेच्या खुणेत मराठीचा तीन अक्षरी संकेत एम-ए-आर घाला. ब्राउझरमध्ये दाखवायचं असेल तर वेबव्हीटीटी प्रकार लागतो. त्यात पहिल्या ओळीवर प्रकाराचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत असतं आणि मिलिसेकंदांआधी पूर्णविराम.

मजकूर चित्रातच कायमचा छापायचा असेल तर एफएफएमपेग हा व्हिडिओवर प्रक्रिया करणारा प्रोग्रॅम हे काम लिबअ‍ॅस या लायब्ररीकडून करून घेतं आणि अक्षरांची जुळणी हार्फबझ ही दुसरी लायब्ररी करते. फाँट देवनागरी असलेला द्या, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता. पूर्ण चित्रपट प्रक्रियेला लावण्याआधी एका मिनिटाचा तुकडा काढा आणि त्यात 'कि', 'क्षि', 'र्की', 'दऱ्या', 'श्री' हे शब्द असलेली एक नोंद घाला. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षराऐवजी हलंत दिसला तर जुळणी होत नाहीये. अशा वेळी फाँट बदलत बसण्याआधी तुमच्या एफएफएमपेगमधलं लिबअ‍ॅस हार्फबझसह बांधलेलं आहे का ते पाहा.