शनी आधी गच्चीवरून बघा

२०२२च्या ऑगस्टमध्ये ऐरोलीतल्या एका कंपनीतली माझी अकाउंट्सची नोकरी गेली. घरी येऊन सांगितलं, तर आईने पदराला हात पुसले, भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि चाळत म्हणाली, "कुंभ रास ना तुझी. साडेसाती चालू आहे, मग दुसरं काय होणार?" तिला चक्क हायसं वाटलेलं दिसलं. कारण सापडलं होतं. मला मात्र त्या 'दुसरं काय होणार'चा राग आला. चौदा वर्षं टॅलीपुढे बसलेल्या बाईला आकडेमोड न दाखवता नुसती बाकी सांगितली की राग यायचाच. म्हणून दिवाळीनंतर ठाण्याच्या नौपाड्यात रविवारी दुपारी भरणाऱ्या ज्योतिषाच्या वर्गात मी नाव घातलं.

आता तिथे नवे लोक आले की पहिले काही रविवार माझ्याजवळ बसवतात. त्यांना जे तुकड्यातुकड्यांत सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे.

वर्गात येणारा जवळजवळ प्रत्येक जण स्वतःचा एक प्रश्न पोटात घेऊन आलेला असतो. आमच्या तुकडीत एकीचं लग्न मोडलं होतं, एकाच्या मुलाला दहावीनंतर घराबाहेर पडायचंच नव्हतं, आणि एक काका निवृत्तीनंतर काय करायचं हे न कळून आले होते. 'आवड म्हणून' असं सगळ्यांनीच फॉर्मवर लिहिलं होतं, मीसुद्धा. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त पहिले सहा महिने स्वतःची पत्रिका मिटून ठेवा. माझं ऐकून कुणी ठेवत नाही, तरी सांगते.

आमचे शिक्षक रेल्वेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना नाना म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "साडेसाती आहे म्हणतेस. शनी पाहिलायस का कधी?" मी म्हटलं, देवळात पाहिलाय. "अगं, आकाशात!" संध्याकाळी त्यांनी आम्हाला पाचपाखाडीतल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर नेलं. नैर्ऋत्येला एक पिवळट, न लुकलुकणारा ठिपका. एवढाच? आई शनिवारी ज्याच्या नावाने मारुतीला तेल आणि रुईची माळ घालते तो हा. माझी भीती तिथेच थोडी ओसरली, हे कबूल करते.

त्या थंडीत आणखी एक गोष्ट बघायला मिळाली. ३० ऑक्टोबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात मंगळ वक्री होता. नानांनी आम्हाला दर रविवारी वहीत मंगळ आणि रोहिणीचा तारा यांच्यातलं अंतर काढून ठेवायला लावलं. दोन्ही लालसर, त्यामुळे शोधायला सोपे. आठवड्यागणिक मंगळ रोहिणीच्या दिशेने मागे सरकत आला, थबकला, पुन्हा पुढे निघाला. मुलुंडहून ठाण्याकडे येताना आपली फास्ट लोकल शेजारच्या स्लोला मागे टाकते तेव्हा ती स्लो उलटी जातेय असं वाटतं, तसंच हे. पृथ्वी आतल्या रुळावरून वेगाने पुढे जाते आणि मंगळ मागे पडल्यासारखा दिसतो. हे डोळ्यांनी पाहिल्यावर 'वक्री' शब्दाला मी दचकले नाही. नवीन येणाऱ्यांनो, पुस्तकातलं फळ वाचण्याआधी एका तरी ग्रहाचं वक्री होणं वहीत काढा. ठाण्यात जूनपासून चार महिने आकाश मिळत नाही, त्या दिवसांत गणित उरका.

गणितातही फार काही नाही. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस, सूर्य महिना, गुरू साधारण वर्षभर, राहू-केतू दीड वर्ष आणि तेही कायम उलटे, शनी अडीच वर्षं. जन्मराशीच्या आधीची रास, जन्मरास आणि पुढची रास अशा तीन अडीचक्या मिळून साडेसाती. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून पहिली साडेसाती संपल्यावर दुसरी सुरू व्हायला बावीस वर्षं जातात. गोचर म्हणजे हे चालते ग्रह जन्माच्या वेळच्या चंद्रापासून मोजायचे. लग्नापासूनही, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीपासूनही, मोजतात, आणि कोणतं मोजायचं यावर आमच्या वर्गात दर महिन्याला भांडण होतं.

पहिली ठेच बहुतेकांना मोबाइलवर लागते. रील्समध्ये जी रास सांगतात ती सायन पद्धतीची, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, आणि सूर्यावरून काढलेली. आपली निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेली, आणि चंद्रावरून. दोन्ही राशिचक्रांत सध्या सुमारे २४ अंशांचा फरक आहे, म्हणून तिकडचा मेषेतला ग्रह आपल्याकडे बऱ्याचदा मीनेत निघतो. वक्री-मार्गीच्या, म्हणजे ग्रह उलटा फिरण्याच्या आणि पुन्हा सरळ होण्याच्या, तारखा मात्र दोन्हीकडे त्याच, कारण राशीच्या रेघा कुठेही मारल्या तरी ग्रह थांबायचा तेव्हाच थांबतो. मग घरचाच वाद. सायन-निरयनमधल्या या फरकाला अयनांश म्हणतात. टिळक पंचांगाचा अयनांश आणि बाकी बहुतेक पंचांगं वापरतात तो चित्रापक्षीय अयनांश यांत जवळपास चार अंशांचं अंतर आहे. शनी महिन्याला साधारण एक अंश पुढे जातो. म्हणजे माझी साडेसाती कधी सुरू झाली याची उत्तरं दोन, आणि त्यांत काही महिन्यांचा फरक. दोन्ही पंचांगांवर श्रद्धेने चालणारी घरं आमच्याच गल्लीत आहेत. मी चित्रापक्षाने चालते, कारण वर्गात तेच शिकवतात. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

दुसरी ठेच नावरास. नावाच्या पहिल्या अक्षरावरून रास सांगणारे निम्मे लोक चुकीची सांगतात, कारण आत्याने नाव ठेवताना जन्माच्या टिपणातलं अक्षर घेतलेलंच नसतं.

जन्मवेळेबद्दल थोडं जास्त सांगते. लग्न साधारण दोन तासांत बदलतं, चार मिनिटांना एक अंश. माझी आई म्हणते, तू झालीस तेव्हा सातचा भोंगा नुकताच झाला होता. वागळे इस्टेटच्या कारखान्याचा तो भोंगा. दवाखान्याच्या कागदावर सव्वासात आहे. कोणतं धरायचं? शिवाय घड्याळातली वेळ ही स्थानिक वेळ नसते. आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशाची, ठाणे ७२ अंश ५८ कलांवर, म्हणून सुमारे ३८ मिनिटं वजा करायची. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, पण आजी-आजोबांच्या पत्रिकेत फसतं. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशभरची घड्याळं एक तास पुढे होती. आणि मुंबईत १९५५पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेला बॉम्बे टाइमही चालायचा. आजोबांच्या टिपणात 'सकाळी ९' लिहिलंय ते नेमकं कुठल्या घड्याळाचं, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. म्हणून एखादा ज्योतिषी मिनिटावर बोट ठेवून घटना सांगू लागला की मी मनातल्या मनात त्याच्या भोंग्याची चौकशी करते.

आता माझ्या वहीबद्दल. खरं तर मला एवढंच सांगायचं होतं. नानांनी सांगितलं, शनी ज्या ज्या राशीत होता ते काळ डावीकडे लिही, आणि उजवीकडे त्या काळात घरात काय झालं ते. फळाचं पुस्तक बंद ठेवून. आईकडून तारखा काढ, जुनी बिलं काढ, शाळेची प्रगतिपुस्तकं काढ. माझी पहिली साडेसाती १९९०च्या अखेरीपासून १९९८पर्यंत. त्यात १९९४ साली बाबांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली. हे लिहिताना अंगावर काटा आला. लागलाच की ताळा! मग आठवलं, त्या वर्षांत किसननगरमधल्या आमच्या चाळीतली सहा बिऱ्हाडं अशीच घरी बसली होती. सगळ्यांची रास काही कुंभ नव्हती. आणि माझा धाकटा भाऊ, घरातलं सगळ्यात लाडकं माणूस, तोही याच साडेसातीत जन्मला.

नोकरी गेली त्याचीही गंमत. शनी २९ एप्रिल २०२२ला कुंभेत आला होता, पण वक्री होऊन १२ जुलैला मकरेत परत गेला आणि १७ जानेवारी २०२३ला पुन्हा कुंभेत आला. म्हणजे ऑगस्टमध्ये तो माझ्या राशीला नव्हताच, मागच्या घरात होता. साडेसाती तरीही होतीच, पण 'डोक्यावर आला आणि नोकरी गेली' ही आईची गोष्ट बसत नाही. तो खरोखर डोक्यावर आला त्या आठवड्यात, २२ जानेवारीला, नानांच्या गच्चीवरून शुक्र आणि शनी अगदी खेटून दिसले, डोंगरामागे उतरताना. जन्मराशीतल्या शनीचा पहिला आठवडा मी तोंडाचा आ करून वर बघण्यात घालवला.

वहीत जुळलेल्या नोंदींना हिरवी खूण, न जुळलेल्यांना लाल. लाल जास्त आहेत. पण उजवीकडचा रकाना भरताना मला प्रथमच कळलं की बाबा घरी बसले ती चार वर्षं आईने शिवणकामावर घर चालवलं आणि मला ते माहीतच नव्हतं. आईला मी कधी विचारलंच नव्हतं. शनीच्या निमित्ताने विचारलं, आणि ती दोन तास बोलली. मला या अभ्यासाने बरं केलं असेल तर ते इथे.

हिशेबनीस म्हणून आणखी एक आकडा. कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती असते. जन्मराशीपासून चौथ्या आणि आठव्या राशीतल्या शनीची अडीचकी धरली तर आणखी दोन. म्हणजे बारापैकी पाच. समोर आलेल्या माणसाला 'शनीचा त्रास दिसतोय' म्हटलं तर पाचांत दोनदा तरी शनी पंचांगातून साथ देतोच. बुध वर्षातून तीनदा, दर वेळी तीन आठवड्यांच्या आसपास वक्री असतो. फोन बिघडायला एवढे दिवस पुरतात.

भाकिताचा प्रश्न यातून सुटत नाही, हे माहीत असू द्या. २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार आणि गतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून प्रत्येकाला ४० दिल्या, कोणती कुणाची ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात चांगला निकाल ४० पैकी २४, आणि सरासरी नाणेफेकीच्याही खाली. आमच्या वर्गात हे कुणी शिकवत नाही, पण मी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "त्यात मी असतो तर माझेही अठराच आले असते." असा शिक्षक शोधा. उपायांचे खडे विकणारा शोधू नका.

आता माझी चूक. आमच्या मजल्यावरच्या एका काकांना जुलै २०२५मध्ये डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली. त्यांनी जिन्यात सहज विचारलं, "बुध वक्री आहे ना गं सध्या?" मी नवशिक्या उत्साहात म्हटलं, हो, ११ ऑगस्टपर्यंत. कागदपत्रांची कामं जरा पुढे ढकलतात लोक. काकांनी अँजिओग्राफीच पुढे ढकलली. मला कळलं ते काकूंकडून, झाल्यावर. एकोणीस दिवस. त्यांना काही झालं नाही, पण ते एकोणीस दिवस मी अजून मोजते. तेव्हापासून तब्येतीचा प्रश्न आला की मी पंचांग उघडत नाही. कुणी झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही असं बोललं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून देते आणि शक्य तर समोरच लावायला लावते. पत्रिका घेऊन आलेला माणूस बऱ्याचदा डॉक्टरकडे जायला घाबरून आलेला असतो. साडेसाती आहे म्हणणं त्याला सोपं वाटतं.

करिअरचं विचाराल तर थोडक्यात. खाजगी संस्थांच्या प्रवीण, विशारद अशा पायऱ्यांच्या परीक्षा असतात. इग्नूने २०२१मध्ये ज्योतिषाचं एमए सुरू केलं. मी विशारदपर्यंत पोचले आहे. पोट त्यावर चालत नाही, दोन दुकानांची जीएसटीची कामं चालू आहेत. लोक पत्रिका 'नुसती बघ गं' म्हणून व्हॉट्सॲपवर टाकतात आणि त्यात मानधनाचा विषय काढायला मला अजून जमत नाही. ज्याला जमतं त्याला विचारा.

परवा संध्याकाळी तेच काका दारात उभे. हातात काही फाइल नव्हती, तरी मी आधीच म्हटलं, "काका, तारीख डॉक्टरांची घ्या, माझी नको." ते हसले. "अगं घेतलीय, मंगळवारची. तू सेक्रेटरी ना? गच्चीची किल्ली दे. नातवाला गुरू दाखवायचाय."