जुनी फॅमिली हॅचबॅक घेताना या चुका टाळा

कोल्हापुरात कुणी जुनी गाडी बघून आले की पहिला प्रश्न "रनिंग किती झालंय?" हा असतो आणि दुसरा "शेवट कितीला देतोय?" हा. या दोन प्रश्नांची उत्तरे मनासारखी मिळाली की टोकन दिले जाते, आणि गाडी मिस्त्रीला दाखवायचा विषय त्यानंतर निघतो. स्विफ्ट, बलेनो, ग्लांझा, आय-ट्वेंटी, अल्ट्रोझ, जॅझ, पोलो या वर्गातल्या चार ते आठ वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या खरेदीत जे फसगतीचे प्रकार घडतात, त्यांतले बहुतेक या उलट्या क्रमामुळे घडतात. गाडी इतकी वर्षे कुठे आणि कशी राहिली हे आधी तपासावे, ती आज कशी चालते हे त्यानंतर, कागदपत्रे त्याच्या जोडीने, आणि भावाचे बोलणे सर्वांत शेवटी करावे.

मॉडेलच्या नावावर गाडी पसंत करणे

"स्विफ्टला मरण नाही" हे वाक्य प्रत्येक गाडी बाजारात ऐकू येते आणि मॉडेलपुरते ते फारसे खोटेही नाही. पण समोर उभी असलेली विशिष्ट स्विफ्ट कशी आहे, हे त्यावरून कळत नाही. मॉडेलच्या लौकिकावरून सुटे भाग सहज मिळतील का आणि पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक येईल का, एवढाच अंदाज बांधता येतो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे बाजारात असलेली १.३ लिटरची प्रत्येक डिझेल स्विफ्ट आता बरीच वर्षे धावलेली आहे, हे गृहीत धरूनच तिच्याकडे बघावे. बलेनो आणि २०१९ मध्ये आलेली टोयोटाची ग्लांझा या मुळात एकच गाडी असल्याने दोन्हींपैकी जी चांगल्या स्थितीत असेल ती घ्यावी. बोधचिन्हासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. फोर्डने भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा २०२१ मध्ये केली आणि फोक्सवॅगनची पोलो २०२२ मध्ये बंद झाली. या गाड्या चालवायला उत्तम आहेत, परंतु त्यांचे काम नियमित करणारा मिस्त्री आपल्या ओळखीत आहे का, हे घेण्याआधी पाहावे. पोलोच्या २०२० पूर्वीच्या जीटी टीएसआय या मॉडेलमधील सात गिअरचा ड्राय क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला तर दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठा होतो.

डिझेलचा मोह आपल्याकडे अजून सुटलेला नाही. ज्या घरची गाडी रोज राजारामपुरीतून ताराबाई पार्कात जाते आणि महिन्यातून एकदा जोतिबाला, त्या घराने बीएस-सिक्स (प्रदूषणाच्या नव्या, कडक निकषांची) डिझेल गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग धावावी लागते, आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तो फिल्टर तुंबत राहतो.

रनिंगचा आकडा खरा धरणे

डिजिटल मीटरचा आकडा मागे नेता येतो, आणि ते करून देणारेही असतात. त्यामुळे मीटरचा आकडा हा केवळ विक्रेत्याचा दावा समजावा आणि गाडीत त्याचे पुरावे शोधावेत. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचे रबर, गिअरची मूठ, स्टीअरिंगचा वरचा भाग आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड यांची झीज बघावी. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३२२ असेल तर टायर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. गाडी २०१९ ची, मीटर २८ हजार किलोमीटरचा, आणि चारही टायर २०२२ चे असून तेही अर्धे झिजलेले, असे दिसले तर हिशेब जुळत नाही. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर नोंदवलेले असतात. मालकाला सोबत घेऊन ती नोंद काढायला सांगावी. टाळाटाळ झाली तर दुसरी गाडी बघावी.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. खरोखरच कमी चाललेली गाडी चांगली असेलच असे नाही. महिनोन् महिने शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी बसते, टायर कडक होऊन त्यांना बारीक चिरा जातात आणि ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. उसाच्या पट्ट्यात उंदीर वायरिंग कुरतडतात तो उपद्रव वेगळाच; बॉनेट उघडल्यावर इन्सुलेशनचे तुकडे किंवा लेंड्या दिसल्या तर वायरिंग नीट उकलून बघावे.

महापुराचा प्रश्न न विचारणे

कोल्हापुरात जुनी गाडी घेणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी अशा भागांत कित्येक गाड्या पार्किंगमध्येच पाण्याखाली गेल्या. शिरोळ तालुक्यात आणि सांगलीत तीच स्थिती होती, आणि २०२१ मध्ये चिपळूणही बुडाले. म्हणून एमएच ०९ (कोल्हापूर) बरोबरच एमएच १० (सांगली) आणि एमएच ०८ (रत्नागिरी) पासिंगच्या, जुलै २०२१ पूर्वीच्या प्रत्येक गाडीला हा प्रश्न लागू होतो. विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरलेली गाडी लिलावात जाते, तिथून घेणारा ती धुऊन-पुसून, सीटकव्हर बदलून पुन्हा बाजारात आणतो, आणि ती पूर न आलेल्या गावातही विकली जाऊ शकते.

तपासणीची सुरुवात सीटबेल्टपासून करावी. बेल्ट नेहमीसारखा हातभर न ओढता शेवटपर्यंत, त्याचा रीळ दिसू लागेपर्यंत, सावकाश बाहेर काढावा. गाडी धुणारा वरचा दिसणारा भाग घासतो. रिळाजवळचा शेवटचा भाग क्वचितच कुणी बाहेर काढतो. तिथे पट्टीवर पिवळसर मातकट रेघ असेल, विणीत गाळाचे बारीक कण अडकले असतील किंवा बेल्ट सोडल्यावर तो अडखळत आत जात असेल, तर पाणी निदान त्या उंचीपर्यंत पोहोचले होते असे समजण्यास हरकत नाही. त्यानंतर पुढची सीट मागे सरकवून तिच्या रुळांचे बोल्ट बघावेत, डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खोबणीत हात फिरवावा, आणि डॅशबोर्डच्या खाली टॉर्च लावून वायरिंगच्या जोडण्या पाहाव्यात; तांब्यावर हिरवट गंज चढलेला असेल तर तो सहज ओळखू येतो. काच बंद करून दहा मिनिटे गाडीत बसावे. ओलसर वास दाबण्यासाठी अत्तराच्या दोन-दोन बाटल्या टांगलेल्या असतील, तर त्या उतरवून मगच बसावे.

पूर बघितलेली गाडी चालते, आणि सुरुवातीला छान चालते, हीच यातली अडचण आहे. गंज जोडण्यांच्या आत हळूहळू वाढतो आणि वर्ष-दोन वर्षांत आधी पॉवर विंडो, मग एबीएसचा (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, मग एअरबॅगचा दिवा असे दोष एकामागून एक निघत राहतात. प्रत्येक वेळी एक भाग बदलला जातो आणि मूळ कारण तसेच राहते. पाण्यात उभ्या गाडीला सेल्फ मारला गेला असेल तर सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकण्याची शक्यता असते. अशा संशयात प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्यावे. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर तिथेच थांबावे.

मात्र डाव्या बाजूचे पुढचे कार्पेट ओले दिसले म्हणून लगेच पुराचा निष्कर्ष काढू नये. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तरी ते पाणी तिथेच साचते, आणि नळी साफ केली की प्रश्न मिटतो. फरक असा की एसीचे पाणी स्वच्छ असते, ते एकाच कोपऱ्यात राहते आणि गाळ मागे ठेवत नाही.

विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवलेली गाडी बघणे

गाडी बघायला सकाळी जावे आणि इंजिन थंड ठेवायला आदल्या दिवशीच सांगावे. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवावा; ते गरम असेल तर थंड इंजिनचे दोष कुणाला तरी लपवायचे आहेत, अशी शंका घ्यायला जागा आहे. पहिल्याच सेल्फला निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर थंड सकाळी क्षणभर दिसणे स्वाभाविक आहे; इंजिन तापल्यावरही तो राहिला आणि कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग असला, तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलचा) खर्च समोर आहे. डिझेल गाडीत इंजिन चालू असताना ऑइलची गेजपट्टी वर काढावी. त्या नळीतून धुराचे लोट येत असतील तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. कूलंटच्या जागी नळाचे पाणी भरलेले असणे हा आपल्याकडचा नित्याचा प्रकार असून तांबूस पाणी दिसले तर रेडिएटर आतून गंजलेला असू शकतो.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, चेक इंजिन आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर ते विझलेले असले पाहिजेत. जो दिवा मुळीच लागत नाही, तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. स्कॅनर लावून घेणे उत्तमच. दोषांचे कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात, आणि ही नोंद वाचून दाखवायला मिस्त्रीला आवर्जून सांगावे.

रंकाळ्याला एक फेरी मारून परत येणे

सपाट रस्त्यावरच्या फेरीत स्टीअरिंग आणि एसीपलीकडे काही कळत नाही. पन्हाळ्याचा रस्ता जवळ आहे, त्याचा उपयोग करावा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. उतरताना वेग मर्यादेत ठेवून ब्रेक लावावा. स्टीअरिंग थरथरले तर डिस्क वाकड्या झालेल्या आहेत. खाली आल्यावर मोकळ्या जागी स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी गोलाकार चालवावी, तेव्हा कटकट आवाज आला तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला आहे. खडबडीत रस्त्यावर खिडक्या उघड्या आणि म्युझिक सिस्टिम बंद ठेवावी. लिंक रॉड आणि बुश ही सस्पेन्शनची तुलनेने स्वस्त कामे आहेत, स्टीअरिंग रॅकचे काम स्वस्त नाही. म्हणून नुसता आवाज ऐकून न थांबता गाडी लिफ्टवर चढवून तो कुठून येतो हे बघून घ्यावे.

अपघाताबद्दल थोडक्यात सांगतो. बंपर रंगवलेला असणे हा दोष नाही, गावात चालणारी गाडी कुठे तरी घासणारच. बॉनेट, दारे आणि फेंडर यांच्या बोल्टचा रंग उडालेला आहे का, बॉनेटखालच्या चॅसिसच्या भागावर वेल्डिंगचे हाताने केलेले ठिपके आहेत का आणि छत पेलणाऱ्या खांबांवर पुट्टी आहे का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. खांब किंवा चॅसिसला मार बसलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी कुटुंबासाठी घेऊ नये. किनाऱ्यावर राहिलेल्या कोकणातल्या गाड्यांचा तळ आणि दारांच्या खालच्या कडा खाऱ्या हवेने गंजलेल्या असतात. त्या वाकून बघाव्यात.

नोटरी झाली म्हणजे व्यवहार झाला असे मानणे

स्टॅम्प पेपरवरची नोटरी हा पैसे दिल्या-घेतल्याचा पुरावा आहे. तिने आरसीवरचे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचे, नाव बदलत नाही. गाडी तीन हात फिरलेली आणि नाव अजून पहिल्याच मालकाचे, सोबत त्याच्या सहीचे मालकी बदलाचे कोरे फॉर्म २९ आणि ३०, असे व्यवहार सर्रास दिसतात. मधल्या काळात पहिला मालक वारला असेल तर वारसांच्या मागे फिरावे लागते. एकाच राज्यात विक्री झाली असेल तर कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. बँकेचा ना हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ लागतो, आणि कर्ज पतसंस्थेचे असेल तर ती संस्था सुरू आहे का हेही विचारावे. अवसायनात गेलेल्या, म्हणजे बंद करून हिशेब मिटवला जात असलेल्या, संस्थेचा दाखला अवसायकाकडून मिळवण्यात वेळ जातो. निपाणी, बेळगावकडच्या केए पासिंगच्या आणि दिल्लीहून आलेल्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवायची तर मूळ आरटीओचा ना हरकत दाखला आणून इथली नोंदणी आणि वयानुसार इथला कर भरावा लागतो, आणि मूळ राज्यातला परतावा मिळवण्याची खटपट वेगळी. ही बेरीज करून मगच स्वस्ताई ठरवावी. बाहेरून बसवलेले सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद आणि टाकीच्या दर तीन वर्षांच्या चाचणीचे प्रमाणपत्र मागावे. थकलेले ई-चलन गाडीच्या क्रमांकावरून ऑनलाइन बघता येते.

भावाचे बोलणे आता सुरू करावे. पहिल्या वर्षात टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन आणि नाव बदलाचा जो खर्च दिसतो आहे, त्याची यादी मिस्त्रीकडून लिहून घेऊन विक्रेत्यासमोर ठेवावी. "जरा कमी करा" म्हणण्यापेक्षा तिचा परिणाम जास्त होतो. विम्यातला नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे प्रीमियममधला फरक आपल्याला भरावा लागेल हेही त्यात धरावे, आणि विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज गाडी ताब्यात घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत द्यावा. शेवटची रक्कम देण्याआधी दुसरी चावी मागून घ्यावी. ती हरवली असेल तर नवी चावी कोड करून घेण्याचा खर्च भावातून वजा करावा.