ड्रायव्हरचा लॉफ्ट कसा निवडावा: कोकण किनाऱ्यावर खेळणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

गोल्फमध्ये सर्वांत लांब फटक्यासाठी जो क्लब (काठी) वापरतात त्या ड्रायव्हरवर ९, १०.५ किंवा १२ असा जो आकडा छापलेला असतो, तो क्लबफेस, म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग, उभ्या रेषेपासून किती अंशांनी मागे कललेला आहे हे सांगतो. त्यालाच लॉफ्ट म्हणतात. कमी लॉफ्ट म्हणजे ताकदीच्या खेळाडूचा क्लब, असा समज रूढ असल्यामुळे खरेदी करताना अनेकांचा हात आपोआप ९ अंशांकडे जातो. माझे ठाम मत असे आहे की बहुतेक हौशी खेळाडूंनी नेमका उलटा विचार करावा, आणि पावसाळ्यात भिजलेल्या फेअरवेवर (मैदानातील कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) खेळणाऱ्या कोकणातील खेळाडूने तर तो अवश्य करावा.

चेंडू किती लांब जाईल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: तो क्लबवरून किती वेगाने सुटतो, कोणत्या कोनात सुटतो आणि त्याला उलटी फिरकी किती मिळते. लॉफ्ट कमी केला की सुटण्याचा वेग किंचित वाढतो, पण कोन आणि फिरकी दोन्ही घटतात. चेंडूला हवेत तोलून धरणारे बल वेग आणि फिरकी यांच्या जोडीतून निर्माण होत असल्यामुळे, ज्याचा वेग मुळातच कमी आहे त्याचा चेंडू कमी लॉफ्टवर लवकर खाली येतो. पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतील पुरुषांच्या क्लबहेडचा (क्लबच्या टोकाचा) सरासरी वेग ताशी ११३ ते ११५ मैलांच्या घरात असतो आणि त्यांचा चेंडू साधारण ११ अंशांनी सुटतो. एलपीजीए टूर या स्त्रियांच्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतील खेळाडूंचा वेग ९५ मैलांच्या आसपास असतो आणि त्या चेंडू सुमारे १३ अंशांनी सोडतात. आपल्या गोल्फ क्लबमधील बहुतेक खेळाडूंचा वेग या स्त्रियांच्या वेगाच्या जवळ किंवा त्याहून कमी असतो. तेव्हा अनुकरण करायचेच असेल तर ते त्यांचे करावे. वेग ८५ मैलांच्या आसपास असेल तर १२ अंशांपासून, ९५ च्या आसपास असेल तर १०.५ पासून आणि १०५ च्या पुढे असेल तरच ९ पासून चाचणी सुरू करावी, असे मी सुचवेन.

मात्र छापलेला आकडा ही केवळ सुरुवात आहे. आघाताच्या क्षणी क्लबफेस प्रत्यक्षात जितका मागे कललेला असतो त्याला डायनॅमिक लॉफ्ट म्हणतात, आणि तो हातांची स्थिती, शाफ्टचा (क्लबच्या दांड्याचा) बाक व चेंडू फेसवर कोठे लागला यांनुसार बदलतो. क्लबहेड चेंडूकडे खालून वर येत आहे की वरून खाली, यालाही तितकेच महत्त्व आहे. वरून खाली मारणाऱ्याच्या चेंडूला फिरकी जास्त मिळते, आणि तो बिचारा लॉफ्ट कमी करत बसतो; खरे तर त्याने चेंडू पुढच्या पायाच्या टाचेसमोर ठेवून टी (चेंडू ठेवण्याची खुंटी) थोडी उंच करावी. ९० मैलांच्या वेगाला ५ अंश खाली मारणे आणि ५ अंश वर मारणे यांत वीसेक यार्डांचा फरक पडू शकतो, आणि इतका लाभ केवळ लॉफ्ट बदलून मिळत नाही.

अचूकतेच्या बाबतीत लॉफ्टचे काम फारसे कोणी लक्षात घेत नाही. चेंडू डावीउजवीकडे वळतो तो त्याच्या फिरकीचा अक्ष कलल्यामुळे. हा कल दोन गोष्टींच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो: क्लबफेसची दिशा आणि स्विंगचा मार्ग यांतील अंतर, भागिले स्पिन लॉफ्ट, म्हणजे डायनॅमिक लॉफ्ट आणि क्लबहेड वर-खाली जाण्याचा कोन यांतील फरक. फेस मार्गाला ३ अंश उघडा (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवीकडे वळलेला) आहे असे धरू. स्पिन लॉफ्ट १२ अंश असेल तर अक्ष सुमारे १४ अंश कलतो. तोच १५ अंश असेल तर ११ अंशांच्या जरा वर. चेंडू मध्यावर लागला असेल, तर २०० यार्डांच्या फटक्यात पहिल्या चेंडूचे वळण २० यार्डांच्या आसपास आणि दुसऱ्याचे १६ यार्डांच्या आसपास राहते. चूक तीच, पण एक चेंडू झाडीत जातो आणि दुसरा फेअरवेच्या कडेला थांबतो. अर्थात वाढीव लॉफ्टने स्लाइस (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळण्याचा दोष) सौम्य होतो, बरा होत नाही.

आता आपल्या किनाऱ्याविषयी. खारघरच्या सिडकोच्या मैदानावर जुलैत खेळणाऱ्याचा चेंडू पडतो तेथेच रुततो, त्यामुळे घरंगळून मिळणारे यार्ड विसरून हवेतील अंतर वाढवणेच हिताचे ठरते, आणि तेव्हा एखादा अंश अधिक लॉफ्ट उपयोगी पडतो. एप्रिल-मेमध्ये जमीन टणक झाली की तोच अंश कमी करून पाहण्यास हरकत नाही. कुलाब्यासारख्या अगदी समुद्रालगतच्या मैदानावर दुपारी खारे वारे सुटतात, आणि वाऱ्याच्या भीतीने लोक लॉफ्ट उतरवतात. हे मला पटत नाही. एका होलवर समोरून येणारा वारा दुसऱ्या होलवर पाठीशी असतो, आणि गोल्फच्या नियमानुसार फेरी सुरू झाल्यावर क्लबची जुळणी बदलून तो वापरता येत नाही. समोरच्या वाऱ्यात स्विंग थोडा संथ ठेवावा. वेग घटला की फिरकीही घटते. पुण्याहून येणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तेथे हवा विरळ असल्याने तोच फटका सुमारे दोन टक्के लांब जातो. येथे कमी पडलेल्या त्या चार यार्डांचा दोष लॉफ्टचा नव्हे.

चाचणी करताना चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढून तो क्लबफेसकडे ठेवावा. फटक्यानंतर फेसवर उमटलेली खूण आघाताची जागा दाखवते. चेंडू वर चढून मध्येच कोसळत असेल, तर लॉफ्टला हात लावण्यापूर्वी ही खूण पाहावी, कारण फेसच्या खालच्या भागावर लागलेल्या चेंडूला फिरकी जास्तच मिळते. खुणा मध्यावर येऊ लागल्या की मगच लाँच मॉनिटरवर (चेंडूचा वेग, कोन व फिरकी मोजणाऱ्या यंत्रावर) दोन लॉफ्टची तुलना करावी, आणि ती करताना सर्वांत लांब गेलेला एक चेंडू न पाहता सगळ्या चेंडूंची सरासरी आणि विखुरण पाहावे.

ड्रायव्हर जुळवणीचा, म्हणजे लॉफ्ट बदलता येणारा, असेल तर आणखी एक दक्षता हवी. स्लीव्ह (शाफ्ट आणि हेड जोडणारा भाग) फिरवून लॉफ्ट वाढवला की, क्लब नेहमीसारखा जमिनीवर टेकवल्यास, फेस थोडा मिटतो, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावीकडे वळतो. कमी केला की उघडतो. म्हणून उजव्या हाताने खेळणाऱ्या आणि स्लाइसने त्रस्त असलेल्या खेळाडूला लॉफ्ट वाढवण्याचा दुहेरी लाभ होतो, तर ज्याचा चेंडू आधीच हूक होतो, म्हणजे डावीकडे वळतो, त्याला हाच बदल बाधतो. अशा खेळाडूने स्लीव्ह न फिरवता मुळातच अधिक लॉफ्टचे हेड घ्यावे.